सहा हजार शब्दांत गिरणगाव: बारावीत लिहिलेल्या एका कथेचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यातलं आहे. विद्यार्थिनी सिडनीच्या पश्चिम उपनगरांत वाढलेली, घरी मराठी बोलणारी, २०२३ साली बारावीला असलेली. मी याच राज्यात इंग्रजी शिकवते, पण ती माझ्या शाळेत नव्हती. निकाल लागून गेल्यावर तिने वर्षभराची जर्नल आणि कथेचे सगळे खर्डे मला वाचायला दिले. तिच्या आईबाबांशीही सविस्तर बोलणं झालं. तिघांच्या संमतीने हे लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

इथली बारावीची परीक्षा म्हणजे एच.एस.सी. विषय ‘युनिट’मध्ये मोजतात. बारावीला किमान दहा युनिट घ्यावी लागतात आणि इंग्रजी सगळ्यांना सक्तीचं. विद्यापीठ प्रवेशासाठी जो क्रमांक लागतो, तो एटार, उत्तम दहा युनिटांवर काढतात. त्यात इंग्रजीची दोन धरावीच लागतात. ज्यांना इंग्रजीत अजून खोल जायचं असतं ते अ‍ॅडव्हान्स्ड इंग्रजीच्या जोडीला एक्स्टेन्शन १ घेतात आणि त्यावर, फक्त बारावीत, एक्स्टेन्शन २. हा शेवटचा विषय एका युनिटचा, पन्नास गुणांचा. त्याला लेखी परीक्षाच नाही. विद्यार्थ्याने वर्षभर खपून एक ‘मेजर वर्क’ तयार करायचं आणि ऑगस्टमध्ये सादर करायचं. ते कथा असू शकतं, ललित लेखन, कविता, समीक्षा, संहिता, पॉडकास्ट किंवा मल्टिमीडिया. कथा निवडली तर मर्यादा सहा हजार शब्दांची. सोबत रिफ्लेक्शन स्टेटमेंट जोडायचं, जास्तीत जास्त दीड हजार शब्दांचं. हे का लिहिलं, कोणासाठी लिहिलं, असंच का लिहिलं, आणि अ‍ॅडव्हान्स्ड व एक्स्टेन्शन १ मध्ये शिकलेलं त्यात कुठे उतरलं, हे त्यात मांडायचं.

शाळेतलं अंतर्गत मूल्यमापन तीन टप्प्यांत होतं: व्हायवा (म्हणजे तोंडी परीक्षा) ३० टक्के, वाचलेल्या साहित्याचा आढावा ४० टक्के आणि स्वतःच्या लेखनप्रक्रियेची चिकित्सा ३० टक्के. नीट पाहिलं तर या तिन्हींत कथेला गुण नाहीत, कथेमागच्या विचाराला आहेत. शिवाय पहिल्या दिवसापासून जर्नल ठेवावी लागते.

महाराष्ट्रात बारावी झालेल्या आईबाबांना हे सगळं नवखं वाटतं. तिथल्या ‘युवकभारती’त कथा हा साहित्यप्रकार अभ्यासाला आहे, उपयोजित मराठीत मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख आहेत, पण स्वतःची कथा वर्षभर घडवायची आणि तीच परीक्षा, असं काही नाही. त्यामुळे या मुलीच्या घरात पहिला प्रश्न निघाला तो ‘हा विषय आहे तरी काय?’ हाच.

पहिला निर्णय: विषय घ्यायचा की नाही

अकरावीला तिची बारा युनिट होती: इंग्रजी तीन, गणित तीन, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि आधुनिक इतिहास प्रत्येकी दोन. बारावीला जाताना तिला भौतिकशास्त्र सोडून एक्स्टेन्शन २ घ्यायचं होतं. म्हणजे एकूण अकरा. बाबांचं म्हणणं सरळ होतं. “भौतिकशास्त्र हातचं सोडू नकोस. गोष्टी लिहायला आयुष्य पडलंय.” आई मधल्या मध्ये. तिला मुलीची आवड दिसत होती आणि नवऱ्याची काळजीही पटत होती.

इथे घराने एक शहाणपणाची गोष्ट केली: वाद आवडीनिवडीवर न ठेवता कागदावर आणला. अकरापैकी एक्स्टेन्शन २ अर्धवट सोडावं लागलं, तरी दहा युनिट उरत होती. एटारसाठी उत्तम दहाच धरतात, म्हणजे या एका युनिटात कमी पडलं तरी ते बाहेर राहू शकत होतं. तिला पुढे आरोग्यशास्त्राच्या शाखेत जायचं होतं. तिने पाहून ठेवलेल्या अभ्यासक्रमांना रसायनशास्त्र उपयोगी होतं, भौतिकशास्त्राची अट नव्हती. एवढं मांडल्यावर बाबांनी मान्य केलं. जर्नलच्या पहिल्या पानावर तिने हा हिशोबच लिहून ठेवला आहे. मला तो आवडला, कारण पुढे मे महिन्यात विषय सोडायची वेळ आली तेव्हा तिने हेच पान उघडलं.

या हिशोबात एकच गोष्ट राहून गेली होती, ती म्हणजे वेळ. युनिट एक असलं तरी काम एका युनिटाएवढं राहत नाही.

दुसरा निर्णय: काय लिहायचं आणि कशात

विषय तिच्या मनात आधीपासून होता. तिचे आजोबा मुंबईत लालबागच्या एका कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. आजोबा पुन्हा गिरणीत गेले नाहीत. बाबा तेव्हा सात वर्षांचे. पुढे शिकून ते सिडनीला आले. मुलीला हे सगळं लिहायचं होतं: संप, चाळ, बाबांचं शिक्षण, स्थलांतर आणि शेवटी सिडनीत वाढणारी नात.

प्रकार निवडताना तिने तीन पर्याय तोलले. ललित लेखन केलं तर खरी माणसं खऱ्या नावानिशी येणार, त्यात चाळीतली शेजारची कुटुंबंही, आणि त्यांची परवानगी घ्यायची सोय नव्हती. पॉडकास्टमध्ये आजीचा आवाज वापरता आला असता, पण आजी बोलणार मराठीत आणि ऐकणारे परीक्षक इंग्रजी. सगळा वेळ अनुवादाच्या निवेदनात गेला असता. उरली कथा. कथेत माणसं बदलता येतात आणि जे माहीत नाही ते शोधून, कल्पून भरता येतं. कारणं रास्त होती. व्हायवात शिक्षकांनीही ती मान्य केली.

त्याच व्हायवात एका शिक्षिकेने दोन प्रश्न विचारले, ते जर्नलमध्ये जसेच्या तसे नोंदलेले आहेत. ही गोष्ट कोणाची? आणि हे सगळं सहा हजार शब्दांत मावणार आहे का? पहिल्याचं उत्तर मुलीने दिलं, “आमच्या कुटुंबाची.” दुसऱ्याचं दिलं, “काटछाट करीन.” दोन्ही उत्तरं पुढे अपुरी पडली. व्हायवाला गुण मात्र चांगले मिळाले, कारण तिची तयारी भरपूर होती आणि ती बोलते छान.

अडचण

एप्रिलच्या सुट्टीपर्यंत खर्डा अकरा हजार शब्दांच्या पुढे गेला होता.

तो मी वाचला आहे. अभ्यास खणखणीत आहे. साहित्याच्या आढाव्यासाठी तिने गिरणी कामगारांच्या मौखिक इतिहासाची संकलनं, संपावरचं लेखन, स्थलांतरितांच्या कथा वाचल्या होत्या आणि आढाव्याला तिला उत्तम गुण पडले. पण तो अभ्यास कथेत जिरला नव्हता, वर तरंगत होता. एक प्रसंग असा: आजोबा रातपाळीहून घरी येतात, दारात चपला काढतात आणि लगेच पुढच्या वाक्यात संपाच्या मागण्या येतात, बोनसपासून १९४६ च्या औद्योगिक संबंध कायद्यापर्यंत. त्या घरात त्या रात्री कोण जागं होतं, काय बोलणं झालं, हे आपल्याला कळतच नाही. पुढच्या पानावर आपण १९९८ मध्ये असतो. पुढच्या दोन पानांत विमानतळावर.

तिच्या शिक्षिकेने समासात लिहिलं होतं की हा प्रकल्पाचा अहवाल छान आहे, कथा अजून सुरू व्हायची आहे. मुलीला ते लागलं. जर्नलमध्ये त्यानंतर आठवडाभराचा खंड आहे, आणि मग एक नोंद: विषय सोडू का?

या अभ्यासक्रमात हुशार मुलांचं नेमकं इथेच अडतं. बाकी सगळ्या विषयांत जास्त माहिती म्हणजे जास्त गुण, हे बारा वर्षं त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. कथेत माहिती लपवावी लागते, सोडून द्यावी लागते, आणि मेहनतीने मिळवलेलं सोडून द्यायला कोणी शिकवलेलं नसतं.

तोलून पाहिलेले पर्याय

मे महिन्यात तिच्यासमोर चार वाटा होत्या आणि शिक्षिकेने तिला त्या लिहून काढायला लावल्या.

पहिली, विषय सोडायचा. दहा युनिट होतीच. दुसरी, आहे तोच खर्डा कापून सहा हजारांवर आणायचा. हे तिने एका दुपारी करून पाहिलं आणि तिलाच दिसलं की तीन पिढ्यांचा सारांश उरतो, बाकी काही नाही. तिसरी, फक्त आजोबांचा संप ठेवायचा. ही वाट मोहाची होती, कारण सगळं वाचन त्याच बाजूचं. पण आजोबा हयात नव्हते आणि गिरणीच्या आतलं, साच्यांच्या आवाजातलं आठ तासांचं काम तिला फक्त पुस्तकातून माहीत होतं. चौथी वाट त्या यादीत शेवटी, एका ओळीत होती: आजी? तिने पुढे प्रश्नचिन्ह केलं होतं, कारण आजीला संपाबद्दल विचारलं की आजी फारसं बोलत नसे.

आजीकडून आलेलं वळण

आजी मुंबईलाच असते. रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल, हा घरचा नेम. मुलगी दर खेपेला विचारायची, संपात काय झालं, आजोबा मोर्चाला जायचे का, सामंतांना पाहिलंस का. आजी दोन वाक्यं बोलून विषय बदलायची. त्या मे महिन्यातल्या एका रविवारी ती म्हणाली, “संपाचं मला काय विचारतेस बाळा, ते सगळं तुझ्या आजोबांना ठाऊक. मी चौदा माणसं जेवायला घालत होते. ते विचार की.”

घरात कोणालाच हे नवीन नव्हतं. आजी खाणावळ चालवायची हे बाबांना माहीत होतं, आईला माहीत होतं, मुलीनेही कधीतरी ऐकलेलं. पण ‘आजी थोडं घरून करायची’ यापलीकडे त्याची दखल नव्हती. गिरणगावात, म्हणजे मुंबईच्या गिरण्यांभोवतीच्या वस्तीत, अशा खाणावळी घराघरांत होत्या. कोकणातून, घाटावरून आलेले गडी बायकामुलं गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहायचे आणि जेवायला ठरलेल्या बाईकडे यायचे. पाळ्यांप्रमाणे जेवणाच्या पंगती. पैसे महिन्याचे महिन्याला, पगार झाल्यावर. याच बायकांना सावकाराच्या कर्जातून सोडवायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि त्यांना बँकेची कर्जं मिळवून दिली. एवढं सगळं मुलीने नंतर वाचलं. तिच्या अगोदरच्या वाचनात या बायका होत्या, पण तिने ती पानं चाळून पुढे ढकलली होती. विषय संप होता ना.

मग तिने प्रश्न बदलले. पीठ किती लागायचं? कुठून आणायचीस? पहिली पाळी सुटल्यावर आधी कोण यायचं? आजी बोलायला लागली ती थांबेना. चार रविवार ते चाललं. त्यातून जे निघालं त्यात एक वही होती. आजी वहीत प्रत्येकाचं नाव लिहून त्यापुढे जेवणाच्या रेघा मारायची. जानेवारीत संप लागला, फेब्रुवारीत काहीजण गावी गेले. ‘पगार सुरू झाला की पाठवतो वहिनी’ म्हणून गेले. आजीने मार्चपर्यंत उरलेल्यांना उधारीवर जेवू घातलं. मग दुकानदाराने तिला उधार द्यायचं बंद केलं. त्या आठवड्यात तिने सात वर्षांच्या मुलाला, म्हणजे बाबांना, दारात बसवलं आणि सांगितलं, कोणी आलं तर म्हण आई गावाला गेली. आणि ती आत, चूल न पेटवता बसून राहिली.

बाबा कॉलवर होते. त्यांना ते दारात बसणं आठवत होतं, त्यामागचं कारण मात्र आजवर माहीत नव्हतं.

काय केलं

मुलीने अकरा हजार शब्द बाजूला ठेवले आणि नवी कथा लिहायला घेतली. एक खोली, एक बाई, जानेवारी ते मार्च. संप आहे, पण खोलीबाहेर. आपल्याला तो कळतो तो भोंगा वाजत नाही म्हणून, आणि वहीतल्या रेघा थांबतात म्हणून. मागण्या, कायदा, आकडे, सगळं गेलं. सामंतांचं नाव एकदा येतं, जेवणाऱ्या एकाच्या तोंडी, तेही भाजी वाढता वाढता.

नव्या खर्ड्यातला एक परिच्छेद मला फार जमलेला वाटतो. बाई रात्री वही उघडते आणि ठरवते की गावी गेलेल्यांची नावं खोडायची. पेन्सिल हातात घेते. पहिल्या नावाशी थांबते, कारण या माणसाला डाळीत मिरची चालत नसे आणि ती त्याच्यासाठी वाटीभर वेगळी काढत असे. त्याच्याकडे सव्वीस जेवणांचे पैसे आहेत. ती नाव खोडत नाही, पण पुढच्या पानावर नवा महिना आखताना त्याला ओळ ठेवत नाही. बस्स, एवढंच. तिच्या मनात काय आलं हे मुलीने कुठेही लिहिलेलं नाही. एप्रिलच्या खर्ड्यात याच जागी अर्ध्या पानाचं दुःख असतं.

वाचकाचा प्रश्न तिने वेगळा सोडवला. परीक्षकांना लालबाग माहीत असेल असं धरून चालत नाही. आधी तिने शेवटी शब्दसूची जोडली होती, ती काढली. चाळीतली खोली, पाळ्या, पंगती, हे सगळं बाईच्या कामातून दिसेल अशी पहिली दोन पानं तिने पुन्हा बांधली: कोण कधी येतं, पाट कुठे मांडतात, ताटं किती आणि जेवणारे किती. तेवढ्याने पुरेसं कळतं.

जुलैत एक निराळा निर्णय समोर आला. ओळखीतल्या एका शिकवणीवाल्यांनी कथा ‘नीट करून’ द्यायची तयारी दाखवली. बाबांना वाटलं, व्याकरण तपासायला काय हरकत? चॅटजीपीटीही तोपर्यंत घराघरांत आलं होतं. मुलीने दोन्हीला नकार दिला. मेजर वर्क आपलंच असल्याचं विद्यार्थ्याला लिहून द्यावं लागतं, शाळाही तशी ग्वाही देते, आणि वर्षभराची जर्नल त्याचा पुरावा असते. पण तिने बाबांना जे कारण सांगितलं ते नियमाचं नव्हतं. वाक्यं कोणी गुळगुळीत केली तर ती बाई कॉलेजात शिकल्यासारखी दिसेल, असं ती म्हणाली. सतरा वर्षांच्या मुलीला आपल्या पात्राची भाषा इतकी नेमकी कळावी, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. त्या वर्षी तिने काय कमावलं असं कोणी विचारलं तर मी हे वाक्य सांगेन.

निकाल

कथा मुदतीत सादर झाली, पाच हजार आठशेच्या आसपास. एक्स्टेन्शन विषयांत ई१ ते ई४ असे पट्टे असतात आणि ४५ पासून पुढे ई४. तिला ई४ मिळाला नाही, ई३ च्या वरच्या टोकाला ती थांबली. तिच्या शिक्षिकेच्या मते रिफ्लेक्शन स्टेटमेंट घाईत लिहिलं गेलं आणि मला ते वाचून तसंच वाटतं. आजी, वही, वाचन सगळं त्यात आहे, पण एक्स्टेन्शन १ मधल्या अभ्यासाशी लावलेला धागा दोन वाक्यांत उरकला आहे.

किंमतही मोजावी लागली. शाळेच्या सराव परीक्षा त्याच सुमाराला असतात आणि रसायनशास्त्रात ती घसरली. सप्टेंबरची सुट्टी पूर्ण त्यात गेली. ऑक्टोबरच्या परीक्षेत तिने भरून काढलं आणि हव्या त्या शाखेत प्रवेशही मिळाला. पण ते सात-आठ आठवडे घराला जड गेले, हे आईने स्पष्ट सांगितलं.

आजीला इंग्रजी वाचता येत नाही. बाबांनी दोन रविवारांत कथा मराठीत सांगत सांगत वाचून दाखवली. आजीने एक चूक काढली: खाणावळीत आधी भात वाढत नसत, आधी चपात्या, भात आधी वाढला तर गडी पोटभर भातच खातात आणि तांदूळ महाग पडतो. तोवर कथा जमा झाली होती.

वेगळं काय करता आलं असतं

पहिलं, व्हायवातला ‘ही गोष्ट कोणाची?’ हा प्रश्न आदल्या डिसेंबरातच धसाला लागायला हवा होता. उत्तर ‘कुटुंबाची’ असं आलं तेव्हा शाळेने तिथेच थांबून, एका माणसाच्या नजरेतून पाचशे शब्द लिहून आण, एवढं सांगितलं असतं तरी पुरे होतं. गुण चांगले पडले की प्रश्न मिटला असं मुलं समजतात. माझ्या वर्गात मी आता व्हायवानंतर दोन आठवड्यांत असं एक पान मागते, गुण न देता.

दुसरं, मुलाखतीचा क्रम. तिने आधी पुस्तकं वाचली आणि मग पुस्तकातले प्रश्न आजीला विचारले. उलट करून पाहण्यासारखं आहे. घरातलं माणूस ज्या कामात आयुष्यभर होतं, त्या कामाबद्दल आधी विचारायचं, हातांनी काय केलं ते विचारायचं, आणि मग ग्रंथालयात जायचं. तसं केलं असतं तर अन्नपूर्णाबद्दलची पानं तिने चाळून पुढे ढकलली नसती.

तिसरं वेळापत्रकाचं. नवी कथा जूनमध्ये सुरू झाली, म्हणून रिफ्लेक्शन स्टेटमेंट आणि सराव परीक्षा एकमेकांवर आदळल्या. स्टेटमेंटचा कच्चा मजकूर जर्नलमधून दर महिन्याला थोडा थोडा बाजूला काढत गेलं तर ऑगस्टमध्ये तो फक्त जोडायचा उरतो. विषय घेताना युनिटांचा हिशोब केला तसा आठवड्याच्या तासांचाही करावा, आणि तो जुलै-ऑगस्ट धरून करावा. ज्या मुलांना रसायनशास्त्र किंवा वरचं गणित आहे त्यांच्या आईबाबांना मी हे आवर्जून सांगते.

एका बाबतीत माझं आणि तिच्या शिक्षिकेचं एकमत नाही. त्यांना वाटतं, अकरा हजार शब्द लिहिण्यात गेलेले चार महिने वाचवता आले असते. मला तसं वाटत नाही. महिने कमी करता आले असते, पण तो पहिला खर्डा लिहिल्याशिवाय आजोबांच्या संपाबद्दल आपल्याला आतलं काहीच माहीत नाही, हे तिच्या ध्यानात आलं नसतं. जर्नलमध्ये मे महिन्याच्या त्या यादीच्या वर तिने स्वतःच तसं लिहिलं आहे. हाताशी दोन आठवडे असते तर आणखी काय केलं असतं, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, दारातला मुलगा कथेत नीट आला नाही, तो पुन्हा लिहिला असता, आणि यावेळी आधी बाबांना विचारलं असतं.